थॉमस कुक : डोंगर दाखविणारा सुवार्तिक

दरवर्षी दसरा आटोपला, की आमच्या शाळेत सहलीची कुजबुज सुरू होते. पाऊस ओसरलेला असतो, आभाळ धुऊन स्वच्छ झालेले असते आणि चिखलदऱ्यास जावे की लोणारास, हा वाद वर्गावर्गांतून रंगू लागतो. त्याच सुमारास दोनचार पालक संकोचाने आमच्याकडे येतात. पुस्तकांचे पैसे देऊ, परीक्षेचे देऊ. पण डोंगर पाहण्यासाठी पैसे का द्यावेत, अशी त्यांची पृच्छा असते. प्रश्न मुळीच गैर नाही. ज्या घरी कपाशीचा पैसा हाती येण्यापूर्वीच वाटला गेलेला असतो, त्या घरी डोंगर ही चैनीची वस्तू वाटावी ह्यात नवल ते काय! ह्या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही पुष्कळदा केला व तो पुष्कळदा फसला. म्हणून ह्या अंकात एका मनुष्याचे चरित्र सादर करीत आहो. गरिबाने डोंगर पाहावा की पाहू नये, ह्याच प्रश्नावर त्याचे सारे आयुष्य खर्ची पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

थॉमस कुक ह्याचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात, मेलबर्न नावाच्या खेड्यात झाला. (नकाशात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, त्या मोठ्या शहरास ज्या लॉर्ड मेलबर्नचे नाव मिळाले, त्यांची पदवी ह्याच खेड्यावरून आलेली होती.) बाप मजूर. थॉमस चार वर्षांचाही झाला नव्हता तोच बाप वारला. आईने दुसरे लग्न केले. परंतु दारिद्र्य काही हटले नाही. दहाव्या वर्षी पोराची शाळा सुटली आणि एका माळ्याच्या हाताखाली दिवसाला एक पेनी मजुरीवर तो राबू लागला. भाजीपाला घेऊन डर्बीच्या बाजारात विकावयाचा, हे त्याचे काम. धनी दारूच्या आहारी गेलेला. पुढे चौदाव्या वर्षी तो लाकूडकाम शिकण्यासाठी मामाकडे राहिला, तर तेथेही बाटलीची गाठ होतीच. दोन धनी आणि दोघेही दारूने बुडालेले! लहान वयात जे डोळ्यांपुढे घडते ते मनुष्य सहसा विसरत नाही. थॉमसही विसरला नाही.

त्याचे आजोळ बॅप्टिस्ट मंडळींतले, आणि आजोबा स्वतः उपदेशक. थॉमस रविवारच्या शाळेत प्रथम विद्यार्थी, मग शिक्षक आणि शेवटी मुख्य झाला. १८२६ साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि १८२८ साली, विसाव्या वर्षी, मंडळीने त्याला खेडोपाडी फिरणारा सुवार्तिक नेमले. वार्षिक वेतन ३६ पौंड. पुढील एका वर्षाचा त्याच्या फिरतीचा हिशेब उपलब्ध आहे. १८२९ साली तो एकंदर २,६९२ मैल हिंडला आणि त्यांपैकी २,१०६ मैल पायी. वाशीमहून मुंबईस पायी जावे व पायीच परत यावे, असे एका वर्षात तीनदा करावे, तेव्हा जवळजवळ हा आकडा भरतो. पुढे साऱ्या जगाला आगगाडीत बसविणाऱ्या पुरुषाची उमेदीची वर्षे अशी पायवाटा तुडविण्यात गेली.

मंडळीचा निधी आटला तेव्हा ह्या सुवार्तिकाने कुरकुर केली नाही. तो मार्केट हारबरो ह्या गावी जाऊन कातारी बनला आणि लाकूड कातून पोट भरू लागला. २ मार्च १८३३ रोजी मेरीअन मेसन ह्या शिक्षिकेशी त्याचे लग्न झाले. पुढल्या जानेवारीत पुत्र झाला. त्याचे नाव जॉन मेसन. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पतिपत्नींनी मद्यत्यागाची प्रतिज्ञा घेतली आणि कुक ह्यांनी व्यसनमुक्तीच्या चळवळीस वाहून घेतले. त्या काळचा इंग्लिश मजूर आठवड्याची मजुरी शनिवारी रात्री गुत्त्यात ओतून सोमवारी रिकाम्या हाताने कामावर जात असे. हे चित्र आमच्या वऱ्हाडातील वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु कुक ह्यांच्या मनात एक प्रश्न सलत होता, आणि आमच्या मते इतर उपदेशकांहून त्यांचे वेगळेपण नेमके येथेच दिसते. मजुराच्या हातचा पेला काढून घ्यावा, हे ठीक. पण त्या रिकाम्या हातात द्यावे काय? सुटीच्या दिवशी गुत्त्याखेरीज त्याने जावे तरी कोठे?

९ जून १८४१ रोजी कुक हारबरोहून लेस्टर येथे मद्यनिषेधाच्या सभेसाठी निघाले होते. सुमारे पंधरा मैलांची वाट, नेहमीप्रमाणे पायी. त्या प्रांतात आगगाडी नुकतीच सुरू झाली होती. वाटेत त्यांच्या मनात कल्पना आली की, पुढची सभा लफबरो गावी भरणार आहे, तर तेथे सर्वांना एका खास गाडीने का नेऊ नये? सभेत त्यांनी ती मांडली, लोकांनी उचलून धरली, रेल्वे कंपनीच्या चिटणीसाने मान्य केली. ५ जुलै १८४१, सोमवार. सुमारे पाचशे माणसे उघड्या डब्यांत उभी राहिली, बँड वाजू लागला आणि गाडी लेस्टरहून निघाली. अंतर अवघे अकरा मैल. जाण्यायेण्याचे भाडे एक शिलिंग. लफबरोस एका गृहस्थाच्या बागेत चहा, खेळ व भाषणे झाली आणि रात्री सर्व मंडळी शुद्धीवर असलेल्या अवस्थेत घरी परतली. ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व त्या काळच्या कुटुंबातील बायकामुलांनाच ठाऊक!

अकरा मैल म्हणजे काय मोठासा पल्ला! पण त्यांतील अनेकांना घोड्याहून वेगाने धावणाऱ्या वाहनात बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. पुढील दोनतीन उन्हाळ्यांत कुक ह्यांनी अशा अनेक गाड्या काढल्या, त्याही बिनमोबदल्याने. लेस्टरला घोड्यांच्या शर्यती भरत व त्या आठवड्यात शहरात दारू आणि जुगार ह्यांना ऊत येई. त्या दिवसांत कुक ह्यांनी रविवारच्या शाळांतील हजारो मुलांना गाडीत घालून डर्बीस नेले. हजारो मुले! चाळीस मुले नेताना आमची जी तारांबळ उडते ती आठवली, की आम्ही मनोमन हात जोडतो. एकदा परतीच्या वाटेवर एका जंक्शनात आम्ही मुले मोजली, ती एकोणचाळीस भरली. पुन्हा मोजली, तरी एकोणचाळीस. चाळिसावा चिरंजीव फलाटाच्या टोकाशी नळावर शांतपणे पाय धूत उभा होता. ती तीनचार मिनिटे आम्ही अद्याप विसरलो नाही.

आता डोंगरांकडे वळू. १८४५ साली कुक ह्यांनी प्रथमच पोटापाण्याचा धंदा म्हणून सहल काढली, ती लेस्टरहून लिव्हरपूलपर्यंत व तेथून आगबोटीने वेल्समधील स्नोडन पर्वताकडे. आधी स्वतः त्या वाटेने जाऊन त्यांनी उतरण्याच्या जागा पाहिल्या, भाव ठरविले आणि प्रवाशांसाठी एक छोटी माहितीपुस्तिका छापली. ते तोवर मुद्रक झालेले होते, हे ह्या कामी उपयोगी पडले. स्नोडनची उंची ३,५६० फूट, म्हणजे जवळजवळ आपल्या चिखलदऱ्याएवढी. कळसूबाईपुढे ते ठेंगणेच. परंतु कारखान्याच्या धुरात वाढलेल्या माणसाला ते शिखर हिमालयाप्रमाणे भासले असेल. त्या शिखरावर कुक ह्यांना पुढच्या वर्षाचा ध्यास लागला : स्कॉटलंड!

१८४६ चा स्कॉटलंडचा प्रवास ही त्यांच्या आयुष्यातील मोठी फजिती होय. फजितीच्या गोष्टी चरित्रकार गाळतात. आम्ही मुद्दाम सांगतो. सुमारे साडेतीनशे माणसे, आठशे मैलांचा प्रवास आणि भाडे एक गिनी. इंग्लंडहून स्कॉटलंडात थेट जाणारी गाडी तेव्हा नव्हती. म्हणून फ्लीटवुडपर्यंत आगगाडी, तेथून आगबोटीने आर्ड्रोसन आणि पुढे पुन्हा आगगाडी. वाटेतल्या एका स्थानकावर कबूल केलेला चहा मिळाला नाही. बोटीवर खोल्या अपुऱ्या पडल्या आणि वरच्या वर्गाचे पैसे भरलेल्या मंडळींनाही पावसात भिजत डेकवर रात्र काढावी लागली. ग्लासगोत तोफा झाडून व बँड लावून सर्वांचे स्वागत झाले खरे, पण भिजलेल्या माणसाचा राग बँडने जात नाही. घरी परतल्यावर तक्रारींचा पाऊस पडला आणि त्याच वर्षी कुक ह्यांचे दिवाळे निघाले. सदिच्छेने तिकीट काढता येते. परंतु बोटीवर खोली सदिच्छेने मिळत नाही, हा धडा त्यांस फार महाग पडला.

दुसरा कोणी असता तर पुन्हा कातकामाकडे वळला असता. कुक पुन्हा स्कॉटलंडकडे वळले. ह्या वेळी प्रत्येक हॉटेल आधी पाहून, प्रत्येक गाडीची वेळ जुळवून आणि स्वतः प्रवाशांबरोबर राहून. वर्षानुवर्षे ते आपला कळप घेऊन तेथील सरोवरांतून व डोंगरांतून हिंडले. सामान हरवले तर ते शोधणार. वृद्ध बाईस चढ चढवेना तर हात देणार. रात्री कोणाला कोठे निजवावे ही चिंताही त्यांचीच. आज ज्यास आपण सहलीबरोबरचा मार्गदर्शक म्हणतो, त्या माणसाचा पेशा स्कॉटलंडच्या डोंगरांत असा घडला. एकट्याने प्रवासास निघणे ज्यांना दुर्घट होते अशा अविवाहित व विधवा स्त्रिया त्यांच्याबरोबर निर्धास्तपणे जात. कारण सोबतीचा पुरुष मद्याला स्पर्श न करणारा व प्रार्थना करणारा होता.

१८५१ साली लंडनमध्ये महाप्रदर्शन भरले. काचेच्या त्या राजवाड्याची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात आहेच. कुक ह्यांनी मध्य व उत्तर इंग्लंडातील गिरणीकामगारांना आठवड्यास थोड्या थोड्या पेन्स साठविण्यास शिकविले आणि दीड लाखांहून अधिक माणसे लंडनला नेऊन दाखविली. सतरा वर्षांचा जॉन ह्या कामात बापाच्या बरोबरीने राबला. पुढे पॅरिस, बेल्जियम, ऱ्हाइन नदी हे सारे ओघाने आले. १८६२ साली स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्यांना सवलतीची तिकिटे देण्याचे नाकारले आणि सोळा वर्षे कष्टाने उभारलेले काम एका पत्रानिशी संपल्यासारखे झाले. तेव्हा कुक ह्यांनी त्याहून उंच पर्वतांकडे मोर्चा वळविला. १८६३ च्या उन्हाळ्यात त्यांची पहिली स्विस सहल निघाली. तिच्यात मिस जेमिमा मॉरेल नावाची यॉर्कशायरची एक तरुणी होती. तिने लिहिलेली दैनंदिनी पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली, म्हणून त्या सहलीची हकिकत आपणांस मिळते. पायघोळ झगे सावरीत ह्या बायका खिंडी चढल्या, हिमनद्यांवर चालल्या आणि सूर्योदय पाहण्यासाठी रिगी पर्वतावर जाऊन राहिल्या. रिगीवर दातेरी रुळांची गाडी १८७१ साली झाली. त्यापूर्वी पाय किंवा खेचर, हीच साधने. (आपल्याकडे नेरळहून माथेरानास जाणारी छोटी गाडी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९०७ साली धावू लागली.)

कुक ह्यांची खरी परीक्षा मात्र डोंगरांनी नव्हे, माणसांनी पाहिली. आजवर युरोपचा प्रवास हे सरदार-जमीनदारांच्या मुलांचे राखीव कुरण होते. तेथे आता कारकून, दुकानदार आणि शाळामास्तर दिसू लागले, हे प्रतिष्ठितांना साहवेना. चार्ल्स लीव्हर नावाचा एक कादंबरीकार इटलीत ब्रिटिश वकिलातीच्या चाकरीत होता. त्याने १८६५ साली टोपण नावाने लिहिताना असे पिल्लू सोडले की, ऑस्ट्रेलियाने घेण्याचे नाकारलेले कैदी कुक ह्यांच्यामार्फत इटलीत आणून सोडण्यात येत आहेत! थट्टाच ती, पण झोंबणारी. कुक ह्यांनी तिचा समाचार आपल्या वर्तमानपत्रातून व व्याख्यानांतून घेतला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ एवढाच की, पर्वत, सरोवरे आणि आकाश ही देवाने थोड्यांसाठी निर्माण केलेली नाहीत. आणि ज्या आगगाड्या व आगबोटी सर्वांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या, त्यांत बसण्याचा हक्कही सर्वांचा आहे. आमच्याकडे संकोचाने येणाऱ्या पालकांना हा दीडशे वर्षांपूर्वीचा वाद थोडा ओळखीचा वाटेल.

१८६९ ते १८७० ह्या अवघ्या दहा महिन्यांत पृथ्वीवर तीन मोठे दुवे सांधले गेले. मे १८६९ मध्ये अमेरिकेचे दोन्ही किनारे लोहमार्गाने जोडले गेले. नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरपाशी मुंबईची व कलकत्त्याची रेल्वे एकमेकींस मिळाली. कुक ह्यांनी नकाशा पाहिला आणि ओळखले की, आता सामान्य प्रवाशासही पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल. सप्टेंबर १८७२ च्या अखेरीस, वयाच्या चौसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, आठदहा प्रवासी घेऊन ते लिव्हरपूलहून ओशनिक बोटीने निघाले.

न्यूयॉर्कला ते उतरले तो ऑक्टोबर महिना होता, म्हणजे तिकडील पानगळीचा ऋतू. आपल्या वाशीमच्या आसपास साग आणि पळस माघ-फाल्गुनात ओके होतात आणि पानगळ म्हटली की आपल्या मनात धूळ व वणवा येतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागात तसे नाही. तेथे थंडीच्या चाहुलीने पानांतील हरितद्रव्य विरघळू लागते व आतापर्यंत त्याखाली झाकलेला पिवळा रंग वर येतो. मेपलसारख्या काही झाडांत तर, दिवस उन्हाचे आणि रात्री गार असल्या म्हणजे, नवा तांबडा रंग तयार होतो. झडण्यापूर्वी संपूर्ण अरण्य जणू होळीचे रंग अंगावर घेते. ते पाहण्यासाठी आज तिकडे सोबतीच्या मार्गदर्शकासह खास आगगाड्या निघतात आणि त्यांची तिकिटे आधीच राखून ठेवावी लागतात. कुक ह्यांची मंडळी त्याच ऋतूत न्यूयॉर्कहून नायगारा आणि नायगाराहून शिकागो असा प्रवास करीत पश्चिमेस निघाली.

पुढचा मार्ग डोंगरांचा. ओमाहा ते सॅक्रामेंटो हे सुमारे १,७७६ मैल. वाटेत रॉकी पर्वतात गाडी आठ हजार फुटांवर चढते, मग मिठाच्या सरोवराचे वैराण मैदान लागते आणि शेवटी सिएरा नेवाडाची रांग सात हजार फुटांवर ओलांडावी लागते. सिएरामध्ये हिवाळ्यात बर्फ इतके पडे की, रुळांवर मैलोगणती लाकडी छपरे उभारलेली होती. त्यामुळे दृश्य ऐन रंगात यावे आणि गाडीने छपराच्या अंधारात शिरावे, असा प्रकार प्रवाशांच्या वाट्याला येई. भर घाटात आपल्याकडील बोगदेही असाच घात करतात! सॅन फ्रान्सिस्कोहून ही मंडळी जपान, चीन, सिंगापूर, सिलोन अशी करीत कलकत्त्यास पोचली आणि १८७३ च्या आरंभी आगगाडीने हिंदुस्थान आडवा ओलांडून मुंबईस आली.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. त्या काळी कलकत्त्याहून मुंबईस येणारा सलग लोहमार्ग एकच होता : जबलपूर, इटारसी, खांडवा आणि भुसावळ. म्हणजे कुक आमच्या वऱ्हाडाच्या उंबरठ्यावरून गेले. भुसावळहून एक फाटा अकोल्यावरून १८६७ सालीच नागपूरपर्यंत पोचलेला होता. वाशीमला मात्र तेव्हा रेल्वे नव्हती. नाशिकच्या पुढे इगतपुरीहून कसाऱ्यास उतरणारा थळघाट १८६५ च्या पहिल्या तारखेस खुला झाला होता. ३७ फुटांस एक फूट असा त्याचा उतार. तो बांधताना पटकी व अपघात ह्यांनी सह्याद्रीतील दोन्ही घाटांत मिळून हजारो मजूर दगावले. सृष्टीशोभा दाखविणाऱ्या प्रत्येक डोंगरी गाडीखाली अशा हातांचे श्रम पुरलेले असतात. विद्यार्थ्यांनी घाटातून जाताना खिडकीबाहेर पाहावे तसे एकदा रुळांकडेही पाहावे.

गमतीची गोष्ट अशी की, कुक वाटेत असतानाच, नोव्हेंबर-डिसेंबर १८७२ मध्ये, पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात ज्यूल व्हर्न ह्यांची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी क्रमशः छापली जात होती. त्या कादंबरीचा नायक मुंबईहून निघतो आणि मध्येच रूळ संपल्यामुळे हत्ती विकत घेतो. वस्तुतः तो मार्ग अडीच वर्षांपूर्वीच पूर्ण झालेला होता. कुक ह्यांना हत्तीची गरज पडली नाही. त्यांच्या प्रदक्षिणेस २२२ दिवस लागले.

त्या प्रवासाचे भाडे प्रत्येकी २०० गिनी होते. हा आकडा आम्ही वाचला आणि हातातले पुस्तक क्षणभर मिटले. २०० गिनी म्हणजे २१० पौंड. तरुण सुवार्तिक थॉमस ह्यास ३६ पौंडांच्या वेतनावर तेवढी रक्कम मिळविण्यास जवळजवळ सहा वर्षे लागली असती. एका शिलिंगात पाचशे मजुरांना नेणारा हाच का तो पुरुष? न्यायाने बोलावयाचे तर स्वस्त सहली त्यांनी कधीच बंद केल्या नाहीत. परंतु धंद्याचा ओढा श्रीमंतांकडे वळत होता, आणि तो वळविणारा हात मुख्यतः जॉनचा होता.

पितापुत्रांचा हा झगडा फार क्लेशकारक आहे. जॉन कामात वाघ. हिशेबात चोख, शिस्तीत कडक. त्याच्याविना ही पेढी जगभर पसरली नसती. बापाचा जीव मात्र नफ्यात रमत नसे. मिळकतीतून ते रोममधील बॅप्टिस्ट मिशनला पैसा देत, पवित्र भूमीतील कार्यास मदत करीत, सहलीतच उपासना घेत. धंदा आणि धर्मकार्य ह्यांची अशी सरमिसळ पुत्रास अमान्य होती. एकाचे म्हणणे, हा पैसा ज्याने दिला त्याच्या कार्यास लावावा. दुसऱ्याचे म्हणणे, हिशेब चुकला तर उद्या प्रवाशांना दिलेला शब्दही चुकेल. आमची सहानुभूती बापाकडे आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण १८४६ ची ती पावसातली रात्र आठवली की पुत्राचे बोलणेही खोटे म्हणवत नाही. १८७८ साली भागीदारी मोडली. थॉमस कुक लेस्टरच्या आपल्या घरी परतले. ज्या पेढीला त्यांचे नाव होते, तिच्या कारभारात त्यांचा शब्द चालेनासा झाला.

मुंबईत त्या पेढीची शाखा १८८१ साली निघाली. १८८६ पासून काही वर्षे हिंदुस्थान सरकारने मक्केच्या यात्रेकरूंची ने-आण तिच्याकडे सोपविली होती. बॅप्टिस्ट सुवार्तिकाच्या नावाची तिकिटे घेऊन मुंबई बंदरातून हाजी निघाले, हा योगायोग मनोवेधक खरा.

घरी परतलेल्या वृद्धाच्या वाट्यास दुःखच अधिक आले. रविवारच्या शाळेत झटणारी त्यांची लाडकी कन्या अॅनी १८८० साली न्हाणीघरात अकस्मात मृत्यू पावली. पाणी तापविण्यासाठी नव्याने बसविलेल्या गॅसच्या यंत्रातून विषारी वायू पसरला असावा, असा संशय होता. चार वर्षांनी पत्नीही गेली. जगातील इतकी शिखरे ज्यांनी इतरांना दाखविली, त्यांची स्वतःची दृष्टी मंदावत जाऊन शेवटी ती पार गेली. तरीही १८८८ साली, ऐंशीच्या घरात असताना, ते पुन्हा एकदा पवित्र भूमीस जाऊन आले. मेलबर्न ह्या आपल्या जन्मगावी त्यांनी मंडळीतील गरिबांसाठी चौदा घरे बांधविली. सोबत भाजण्याची भट्टी, धुण्याची जागा व एक प्रार्थनागृह. ही घरे १८९१ साली तयार झाली. त्याच वर्षी लंडनमध्ये पेढीचा सुवर्णमहोत्सव थाटाने साजरा झाला. त्यास संस्थापक उपस्थित नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी लेस्टर येथे त्यांचे देहावसान झाले. जॉन त्यांच्यामागे सात वर्षांनी वारला.

१९२८ साली ती पेढी कुक घराण्याच्या हातून गेली. अनेक धनी बदलून शेवटी २३ सप्टेंबर २०१९ रोजी तिच्या ब्रिटनमधील वारसदार कंपनीचे दिवाळे निघाले. सुमारे सहा लक्ष प्रवासी त्या दिवशी परमुलखात अडकून पडले, आणि दीड लाख माणसांना घरी आणण्याचे काम ब्रिटिश सरकारला करावे लागले. हिंदुस्थानातील त्याच नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झालेली असल्यामुळे ती बचावली.

लेस्टरच्या रेल्वे स्थानकाबाहेर कुक ह्यांचा पुतळा १९९४ साली उभारण्यात आला. पुतळे बहुधा हात उंचावून उपदेश करीत असतात किंवा घोड्यावर बसलेले असतात. हा तसा नाही. शेजारी प्रवासाची पेटी व छत्री ठेवलेली आहे आणि म्हातारा हातातील घड्याळात गाडीची वेळ पाहत उभा आहे.